पान उलटले नाही

गेल्या वर्षी जून ते ऑगस्ट असे तीन महिने मी मुलीकडे न्यू जर्सीला होते. परदेशातल्या लेकीकडे गेलेल्या आईला तिथे खरे म्हणजे काही कामच नसते. सकाळी पोळ्या करून झाल्या, खिडकीतून दिसणारी झाडे पाहून झाली, की उरलेला दिवस हातात रिकाम्या पिशवीसारखा लोंबत राहतो. माझे नशीब एवढेच, की नातवाच्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. ईशान नऊ वर्षांचा. त्याचे मराठी मोडके, माझे इंग्रजी त्याहून मोडके. पण दोघांनाही गोष्टींचे वेड असल्यामुळे आमचे जमून गेले.

त्यांच्या गावातल्या वाचनालयात पुस्तकांबरोबर चित्रपटांच्या तबकड्याही घरी न्यायला मिळतात. एका दुपारी ईशानने त्यांतली एक उचलून आणली. तिच्यावर हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या नागड्या सम्राटाची गोष्ट होती. शेली ड्युव्हाल नावाच्या नटीने १९८२ ते १९८७ या काळात अमेरिकन दूरचित्रवाणीसाठी परीकथांची एक माला काढली होती, तिच्यातला १९८५ सालचा हा भाग. लबाड विणकरांच्या भूमिकांत अॅलन आर्किन आणि आर्ट कार्नी, सम्राट झालेला डिक शॉन, आणि गोष्ट सांगणारा आवाज टिमथी डाल्टनचा. पुढे दोनच वर्षांनी हाच डाल्टन जेम्स बाँड झाला. ही माहिती मला माझ्या जावयाने पुरविली. असल्या बाबतींत त्याचे ज्ञान अगाध आहे. याच गोष्टीवर १९७२ मध्ये डॅनी केने बाहुल्यांच्या चलच्चित्रात एका लबाडाला आवाज दिला होता, आणि त्याच्या वीस वर्षे आधी खुद्द अँडरसनचीच भूमिका केली होती, हेही त्यानेच सांगितले.

चित्र मजेदार होते. सम्राटाचा तोरा, आरशापुढचे मुरडणे, दरबाऱ्यांचे वा-वा, रिकाम्या मागावर नसलेला धागा ओढणारे ते दोन लबाड! ईशान पोट धरून हसत होता. मीही हसले. शेवटी खरे उघडे पडले, तेव्हा मात्र त्याचे हसू थांबले आणि त्याने मला विचारले, "आजी, कळल्यावर तो घरी पळाला का नाही?"

मी उत्तर शोधत होते, तोच स्वयंपाकघरातून माझ्या मुलीचा, मनूचा आवाज आला. "ईशान, ते राहू दे. त्या पोराला घरी गेल्यावर आईनं चिमटा काढला का, ते विचार आजीला."

ती हसतच म्हणाली. पण माझ्या हातातली भांडी पुसायची फडकी तिथेच थांबली. चाळीस वर्षे होत आली होती. मला वाटले होते, ती विसरली असेल.

ही गोष्ट आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि ती एका गर्विष्ठ राजाची गोष्ट आहे असे समजत आलो आहोत. राजाला कपड्यांचा हव्यास होता, म्हणून तो फसला. मुलांना सांगायला हे ठीक आहे. पण कपड्यांचा हव्यास असलेला माणूस फार तर महाग कापड घेऊन फसेल. नसलेले कापड घेऊन फसणार नाही. त्या लबाडांनी कापड विणलेच नाही. त्यांनी विणली ती एक अट. जो आपल्या पदाला लायक नाही किंवा जो निव्वळ मूर्ख आहे, त्याला हे कापड दिसणार नाही! झाले. आता प्रश्न कापडाचा राहिलाच नाही, पाहणाराचा झाला. म्हातारा प्रधान मागापाशी जातो तेव्हा तो मागाकडे पाहत नसतो, तो आपल्या खुर्चीकडे पाहत असतो. अहंकार म्हटला की आपल्याला छाती फुगवून चालणारा माणूस दिसतो. पण अहंकाराचा दुसराही एक प्रकार आहे, तो मान खाली घालून भिंतीकडेने चालतो. 'मी उघडा पडेन' ही भीती हेच त्याचे रूप. सम्राटाचा अहंकार पहिल्या जातीचा आणि गावाचा दुसऱ्या. आणि एका सम्राटाच्या अहंकाराने नव्हे, सबंध गावाच्या भीतीने ती मिरवणूक चालली होती.

अँडरसनने ही गोष्ट १८३७ साली छापली. पण तिचे बीज त्याचे नाही. स्पेनमधल्या दोन हुआन मानुएल नावाच्या सरदाराने १३३५ साली पुऱ्या केलेल्या एका कथासंग्रहात ती आहे, आणि अँडरसनने ती जर्मन भाषांतरातून वाचली होती. तिथली अट आणखी भयंकर आहे. जो आपल्या बापाचा खरा मुलगा नसेल त्याला ते कापड दिसत नाही! म्हणजे 'दिसत नाही' म्हणावे तर आईची अब्रू गेली, वर बापाची इस्टेट गेली. अशा स्थितीत कोण बोलणार? तिथे बोलतो तो राजाचा घोडा सांभाळणारा एक काळा मोतद्दार. तो सांगतो, मला कोणाचाही मुलगा म्हणा, माझे काही जात नाही. त्याच स्पेनमध्ये १६१५ साली सर्व्हांतेसने ही कल्पना उचलून एक प्रहसन लिहिले. त्यात कापडाऐवजी जादूचा खेळ आहे, आणि गावातली प्रतिष्ठित मंडळी नसलेल्या उंदरांना भिऊन किंचाळतात. आणि आपल्याकडे? तेराव्या शतकातल्या जिनरत्नाच्या 'लीलावतीसार' या संस्कृत जैन ग्रंथात हस्तिनापूरचा धन नावाचा एक व्यापारी श्रावस्तीच्या राजाला अशाच दिव्य वस्त्राने फसवतो. जन्माने शुद्ध नसलेल्याला ते दिसत नाही आणि हाताला लागतही नाही. राजाची स्वारी रस्त्यातून निघते. मग लोक विचारू लागतात, महाराजांनी दीक्षा घेतली की काय? ते वाचून मला फार गंमत वाटली. आपल्या देशात नुसत्या नागवेपणाने माणूस हास्यास्पद ठरत नाही. तो विरक्तही असू शकतो. त्यामुळे आपल्या प्रजेला ओरडून सांगण्याऐवजी चौकशी करावी लागली.

अँडरसनने मोतद्दार काढला आणि त्याच्या जागी मूल आणले. तेही शेवटच्या घटकेला. पुस्तक छापायला गेले तेव्हा गोष्टीचा शेवट वेगळाच होता. लोक वाहवा करतात आणि सम्राट ठरवतो, की यापुढे प्रत्येक समारंभाला हाच पोशाख घालायचा. बस, संपली गोष्ट. मुद्रिते हातात असताना त्याने तो शेवट बदलून ते मूल आत घातले. या बदलाचा मी खूप विचार केला आहे. पहिला शेवट अधिक खरा होता, असे मला एकेकदा वाटते. कारण आपण जगात पाहतो त्या बहुतेक मिरवणुका मूल न बोलताच संपतात.

त्या चित्रातल्या सम्राटाची, म्हणजे डिक शॉनची एक हकीकत जावयाने त्याच रात्री जेवताना सांगितली. मला त्या रात्री झोप लागली नाही. शॉन हा विनोदी नट, एकट्याने रंगमंच गाजवणारा. हे चित्र झाल्यावर दोन वर्षांनी, १९८७ च्या एप्रिल महिन्यात, कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या विद्यापीठात त्याचा प्रयोग चालू होता. बोलता बोलता तो रंगमंचावर पालथा कोसळला. लोक हसले. तो हलेना, तरी हसले. विनोदी नटच तो, काहीतरी युक्ती असणार! तो तसाच पडून राहिला. काही मिनिटे गेली. मग कोणीतरी पुढे येऊन सभागृहात डॉक्टर आहे का म्हणून विचारले, तर तोही खेळाचाच भाग असे कित्येकांना वाटले. लोकांना घरी जायला सांगितले तरी काही जण जागचे हलले नाहीत. त्याच्या हृदयाचा झटका खरा होता. त्रेसष्ट वर्षांचा तो माणूस त्यातच गेला.

ते लोक दुष्ट नव्हते. त्यांना दिसत नव्हते असेही नाही. पुढ्यात एक माणूस निपचित पडला आहे, हे प्रत्येकाला दिसत होते. पण विनोद न कळणारा एकटा बावळट मी ठरेन, ही शंका मनात आली, आणि डोळ्यांपेक्षा शेजाऱ्याचे हसू जास्त विश्वासाचे वाटले. वॉर्साला जन्मलेल्या आणि अमेरिकेत गेलेल्या सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ च्या सुमारास या प्रकाराचे प्रयोगच केले होते. कोणती रेघ कोणत्या रेघेएवढी आहे, इतका साधा प्रश्न. आधीच पढवून ठेवलेले सहा-सात जण एकामागून एक चुकीचे उत्तर देत, आणि मग खऱ्या उमेदवाराची पाळी येई. समोरची रेघ स्वच्छ दिसत असूनही सुमारे तिसरा हिस्सा उत्तरे चुकीची आली. चारांतल्या तिघांनी निदान एकदा तरी मान तुकवली. पण आधी बोलणाऱ्यांत एकानेही खरे उत्तर दिले, की चुका कितीतरी कमी होत.

एकाने. घराघरांत तो एक कोण असतो, हा खरा प्रश्न आहे.

आता मला माझ्या घराविषयी सांगितले पाहिजे.

माझे सासर साताऱ्याचे. माझे सासरे, त्यांना मी मामंजी म्हणत असे, हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झाले होते. आवाज असा की शेवटच्या बाकावरच्या द्वाड पोरालाही ऐकू जावा. आमच्या घरी दिवाळीचा एक नेम होता. अंक घरात आला की तो वर्तमानपत्रात गुंडाळून मामंजींच्या कपाटात जायचा. लक्ष्मीपूजनाची जेवणे उरकली, की माजघरात सतरंजी पडायची, मधोमध चिवड्याचे ताट, आणि मामंजी खुर्चीवर बसून अंक उघडायचे. भाऊबीजेपर्यंत रोज रात्री एकेक कथा. ते उघडीपर्यंत अंकाला कोणी हात लावायचा नाही, असा नियम कोणी सांगितला नव्हता, पण होता.

मी तो नियम मोडत असे. धनत्रयोदशीच्या दुपारी सगळे आडवे झाले, की करंज्यांचे सारण निवेपर्यंत मी अंक काढून वाचायची आणि पुन्हा तस्साच गुंडाळून ठेवायची. घरातल्या सुनेला चोरी करायला तेवढेच सापडत होते.

म्हणूनच १९८३ च्या दिवाळीत मला पहिल्यांदा कळले. मामंजींची ओळ चुकत होती. अर्धे वाक्य एका ओळीचे, पुढचे भलतीकडचे. ते क्षणभर थांबत, खाकरत, आणि मग पुढचे वाक्य मनाने रचून घेत. भाषा त्यांची इतकी पक्की, की शिवण दिसू नये! ८४ साली परिच्छेदच्या परिच्छेद त्यांचे स्वतःचे असत. आधीही खुणा होत्याच. चाळिसाचा दिवा काढून शंभराचा लावायला सांगितला होता. बाजूला ठेवलेला तांब्या पायाने उडायचा. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा आणि ते चौकटीवरच रागवायचे. संध्याकाळचे देवळात जाणे सुटले होते. म्हणायचे, पाय दुखतात.

हे सगळ्यांना दिसत होते. आणि प्रत्येकाकडे न बोलण्याचे आपापले कारण होते. सासूबाईंचे म्हणणे, पुरुषमाणसाला असले सांगू नये, त्याची हिंमत खचते. आमच्या ह्यांनी दोन वर्षांपूर्वी मामंजींना बाजारातल्या दुकानात नेऊन नवा चश्मा करून आणला होता. तो चश्मा उपयोगाचा नाही म्हणावे, तर डॉक्टरकडे न नेता दुकानात नेले ही आपलीच चूक कबूल करावी लागली असती. मुंबईचे भाऊजी वर्षातून चार दिवस येणार. घरात राहणाऱ्यांना जे दिसत नाही ते मी पाहुण्याने कशाला सांगा, असा त्यांचा विचार. आणि माझे कारण? सांगायला आजही लाज वाटते. मामंजी छापलेले वाचत नाहीत हे मला ठाऊक आहे असे म्हणायचे, तर छापलेले काय आहे हे मला ठाऊक आहे, हे आधी सांगावे लागले असते. अंक चोरून वाचते हे कबूल करावे लागले असते. एवढेच. एवढ्याशा कारणासाठी मी दोन दिवाळ्या गप्प बसले, आणि मनाची समजूत घालत राहिले की हा वडीलधाऱ्यांचा मान आहे.

१९८५ च्या दिवाळीत मनू सहा वर्षांची होती. त्या रात्री एका खेड्यातल्या पोस्टमनची कथा होती. छापील कथेत तो पोस्टमन पुरात वाहून जातो आणि त्याची बायको दारात बसून राहते. मामंजींनी वाचलेल्या कथेत पूर आला, पण पोस्टमन एका झाडावर चढला. ते मोठ्या रंगात आले होते. झाडावर सापही होता, आणि पिशवीतली पत्रे त्याने डोक्याला बांधली होती. मुले श्वास रोखून ऐकत होती. मनू त्यांच्या गुडघ्याशी बसली होती. तिला नुकतीच अक्षरे लागू लागली होती, आणि पुस्तक म्हणजे ज्याचे पान उलटायचे असते, एवढे तिला पक्के कळले होते.

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही पान उलटलंच नाही."

माजघरात कोणी हलले नाही. सासूबाईंनी चिवड्याचे ताट उगीच पुढे सरकवले. भाऊजी आढ्याकडे पाहू लागले. मामंजींनी एक क्षण मान तशीच ठेवली. मग अंगठा ओला करून त्यांनी पान उलटले, आणि पोस्टमनला झाडावरून उतरवून, पाणी ओसरवून, पत्रांसकट सुखरूप घरी आणले.

मी मनूला हात धरून स्वयंपाकघरात नेले आणि दंडाला चिमटा काढला. "मोठ्या माणसांच्या चुका काढायच्या नसतात," मी म्हटले. ती रडत म्हणत राहिली, "पण नाहीच उलटलं त्यांनी!"

अँडरसनची गोष्ट मी न्यू जर्सीहून परत आल्यावर पुन्हा वाचून काढली. एक गोष्ट मला आजवर कधी जाणवली नव्हती. मूल बोलते, पण मुलाच्या बोलण्याने लगेच काही होत नाही. गर्दीतले एक पोर काहीतरी बडबडले, इतकेच. त्याच्या शेजारी त्याचा बाप उभा असतो. तो म्हणतो, ऐका हो, हे निष्पाप लेकरू काय म्हणते ते! तिथून ते शब्द या कानाचे त्या कानाला जातात आणि शेवटी सारे गाव ओरडते. आपण सारे त्या मुलाचे कौतुक करतो. पण मुलाला धैर्य कसले लागले? त्याला पद नव्हते, इस्टेट नव्हती, अट कळलेली नव्हती. पणाला लागले होते ते बापाचे. त्याला नोकरी असेल, घर असेल, शेजारी शिपाई उभा असेल. पोराच्या तोंडावर हात ठेवणे त्याच्या हाताशी होते, आणि शंभरांतले नव्व्याण्णव बाप तेच करतात. त्याने ते केले नाही. ज्या दूरचित्रवाणीच्या खेळाने हे सारे सुरू झाले, त्यात किंवा मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांत या बापाकडे कोणी थांबून पाहत नाही. मला तर वाटते, गोष्ट त्याची आहे. मूल प्रत्येक घरात असते.

दुसऱ्या दिवशी पाडवा. सासूबाईंनी मामंजींना ओवाळले. त्यांनी ओवाळणीची नोट तबकात टाकली, ती तबकाच्या बाहेर पाटावर पडली. कोणी काही बोलले नाही. नेहमीप्रमाणे कोणीतरी ती उचलून आत ठेवली असती. पण मामंजीच हसले आणि म्हणाले, "काल पोरीनं सांगितलं ते खरं आहे. मला दिसत नाही. मिरजेला केव्हा जायचं ते ठरवा."

मिरजेच्या डॉक्टरांनी डोळ्यांतला दाब मोजला, आतून तपासले. काचबिंदू. उजवा डोळा गेलाच होता. डाव्यात बोगद्यातून पाहावे एवढेच उरले होते. मोतीबिंदू असता तर काढता आला असता; काचबिंदूत गेलेले परत येत नाही, उरलेले थेंबांनी राखता येते. तो दुखत नाही, खुपत नाही, कडांकडून हळूहळू आत येतो. माणूस चौकटीला धडकतो आणि चौकटीला दोष देतो. "दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर..." डॉक्टर म्हणाले आणि थांबले. मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे पाहत उभी होते. दोन वर्षे. १९८३. तो हिशेब त्या खोलीत माझ्याइतका कोणालाच अचूक येत नव्हता.

पुढच्या नऊ दिवाळ्या अंक मी वाचला. मामंजी त्याच खुर्चीवर बसत आणि माझे उच्चार सुधारत. 'च' आणि 'च़' यांवरून त्यांनी मला जितके छळले, तितके शाळेतही कोणी छळले नव्हते. त्यांतल्या पहिल्याच वर्षी, वाचून झाल्यावर, सगळे झोपायला गेले असताना त्यांनी मला विचारले, "तुला आधीपासून ठाऊक होतं ना गं?"

"हो," मी म्हटले.

"मग बोलली का नाहीस?"

मी धनत्रयोदशीच्या दुपारची चोरी सांगितली. त्यांनी बराच वेळ काही म्हटले नाही. मग म्हणाले, "अगं, वाचलास तर वाचलास. अंक वाचायलाच असतो." आणि थोड्या वेळाने, माझ्याशी नव्हे, अंधाराशी बोलल्यासारखे म्हणाले, "मी तरी कुठं बोललो? वाचता येत नाही म्हटलं, की मास्तर कसला राहिलो?"

मला तो प्रधान आठवतो. आपल्या पदाला जो लायक नाही त्याला दिसणार नाही! आमच्या घरात सम्राटही तेच भीत होता आणि प्रजाही. लबाड विणकर तेवढे कोणी नव्हते. त्यांची गरजच पडली नाही.

सगळे मौन वाईट असते असे काही मी म्हणणार नाही. भावजयीची भाजी खारट झाली तर पाहुण्याने बोलू नये. म्हातारपणी आवाज फाटलेल्या माणसाने घरच्या गणपतीपुढे पद म्हटले तर डोळे मिटून ऐकावे. तिथे आपल्या गप्प बसण्याने त्याचे काही जात नाही, आणि आपले काही वाचत नाही. त्या दोन वर्षांत आमच्या मौनाने वाचले ते आम्ही. मामंजींचा डोळा गेला. आणि तरी रोज मला ते मौन प्रेमासारखेच दिसत होते. हा फरक त्या त्या वेळी कसा ओळखावा, हे मला अजून नीट सांगता येत नाही. एवढे मात्र पाहिले आहे, की ज्या दिवशी आपण स्वतःला 'मी हे त्यांच्याचसाठी करते' असे दोनदा सांगतो, त्या दिवशी बहुधा काहीतरी लपवायचे असते.

ईशानचा प्रश्न राहिलाच. कळल्यावर तो घरी का पळाला नाही? अँडरसनचा सम्राट मनातून चरकतो, लोक म्हणतात ते खरे आहे हे त्याला कळते, पण मिरवणूक तर पुरी केलीच पाहिजे असे म्हणून तो अधिकच ताठ चालू लागतो, आणि नसलेला पदर धरून मानकरी मागून चालतात. हा अहंकाराचा कळस, असे मी वर्षानुवर्षे समजत आले. पण मामंजींनी ओला केलेला तो अंगठा डोळ्यांपुढे आला, की माझा निकाल डळमळतो. त्या क्षणी ते कोणासाठी ताठ बसले होते? स्वतःसाठी? थोडेसे, नक्कीच. पण पोस्टमन झाडावर होता, खाली पाणी होते, आणि पाच पोरे त्याची वाट पाहत होती. त्याला तिथेच सोडून 'मला दिसत नाही' म्हणायला ते तयार नव्हते. त्यांनी आधी त्याला घरी पोहोचवले, आणि मग रात्र मध्ये जाऊ देऊन, दुसऱ्या दिवशी दिवसाउजेडी सगळ्यांसमोर आपण होऊन सांगितले. सम्राटाने दुसऱ्या दिवशी काय केले, हे अँडरसनने लिहिलेले नाही.

हे सगळे नऊ वर्षांच्या मुलाला मोडक्या इंग्रजीत सांगणे मला जमले नाही. मी म्हटले, "घाबरला असेल रे." त्याला ते पटले नाही.

त्या रात्री भांडी आवरताना मी मनूला म्हटले, "त्या चिमट्याचं माझ्या मनात आहे हो." तिने नळ बंद केला. "आई," ती म्हणाली, "मला चिमट्याचं एवढं काही वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आजोबा सगळ्यांदेखत म्हणाले, पोरीनं सांगितलं ते खरं आहे; तेव्हा तू माझ्याकडे बघितलंच नाहीस. ते लक्षात राहिलं." यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. मी तिच्याकडे पाहिले. तिच्या आजोबांसारखेच रुंद कपाळ आहे तिचे. काचबिंदू रक्ताच्या नात्यात उतरू शकतो, म्हणून ती दरवर्षी डोळ्यांतला दाब मोजून घेते. साताऱ्याला हेही रोज रात्री दोन थेंब घालतात आणि विसरले तर मी मोठ्याने आठवण करते, पाहुणे बसलेले असले तरी.

उरलेले दिवस ईशानला मी मराठी गोष्टी वाचून दाखवल्या. सामानात मागच्या दिवाळीचा एक अंक नेला होता, तोच. तो माझ्या शेजारी पलंगावर पालथा पडून ऐकतो. त्याला मराठी वाचता येत नाही. पण मी पान केव्हा उलटते यावर त्याचे बारीक लक्ष असते.